दोन करडी मांजरं: पहिल्यांदा मांजर आणताना जातिवंत घ्यावं की साधं?

माझ्या घरात दोन करडी मांजरं आहेत. दोघांचेही केस आखूड, दोघांचाही रंग भरून आलेल्या आभाळासारखा. दारातून पाहणाऱ्या नवख्या माणसाला ती भावंडंच वाटतात. पण सावली ही ब्रिटिश शॉर्टहेअर जातीची मांजरी आहे आणि तिच्या मागच्या पाच पिढ्यांची वंशावळ माझ्या कपाटात आहे. ढग्या साधा बोका आहे. त्याची आई कोण ते मला माहीत नाही, बापाचा तर पत्ताच नाही.

ढग्यासुद्धा मला ‘ब्रिटिश’ म्हणूनच विकला गेला होता. सात आठवड्यांचं, मुठीत मावणारं करडं पिल्लू. देणाऱ्यानं सांगितलं, कागद मागाहून पाठवतो. ते कधीच आले नाहीत. आठव्या महिन्यात ढग्याचे पाय लांबले, तोंड निमुळतं झालं, डोळे पिवळट हिरवे झाले आणि तो काय आहे ते आपोआप कळलं. त्याचं मला दुःख नाही. दुःख याचं आहे की तो आला तेव्हाच शिंकत होता, डोळे चिकटलेले होते, आणि पहिले तीन आठवडे आम्ही औषधं पाजण्यात घालवले. तो मांजरांचा हर्पिस विषाणू होता. एकदा शिरला की तो शरीरात कायमचा राहतो. आजही घरात पाहुणे जास्त झाले, गडबड वाढली की ढग्याचा डावा डोळा वाहू लागतो. तो पुसताना दर वेळी वाटतं, तेव्हा काय बघायचं, काय विचारायचं हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. म्हणून हे लिहीत आहे.

पायरी १: आधी शब्द नीट समजून घ्या

‘शॉर्टहेअर’ म्हणजे फक्त आखूड केसांचं. एवढ्यानं जात ठरत नाही. पशुवैद्याच्या कार्डावर पुष्कळदा ‘डोमेस्टिक शॉर्टहेअर’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून अनेकांना वाटतं की आपलं मांजर कुठल्या तरी जातीचं निघालं. तसं नाही. ज्याची वंशावळ नोंदलेली नाही अशा आखूड केसांच्या कुठल्याही मांजराला तेच लिहितात. आपण ज्याला साधं किंवा गावठी मांजर म्हणतो, तेच ते.

ब्रिटिश शॉर्टहेअर, अमेरिकन शॉर्टहेअर, युरोपियन शॉर्टहेअर आणि एक्झॉटिक शॉर्टहेअर या मात्र खऱ्या जाती. शिवाय सयामी, बर्मीज, अ‍ॅबिसिनियन, रशियन ब्ल्यू, कोराट आणि शार्त्रो याही आखूड केसांच्याच, फक्त त्यांच्या नावात शॉर्टहेअर येत नाही.

मग जात म्हणजे नक्की काय? अमुक आई आणि अमुक बाप यांची पिल्लं कशी होतील हे बऱ्याच खात्रीनं सांगता येतं, आणि त्या आईबापांची, आज्यांची, पणज्यांची नोंद एखाद्या मान्य संस्थेत ठेवलेली असते. जातीत मांजराच्या रूपाइतकाच या नोंदीचाही भाग असतो. नोंद नसेल तर समोरचं मांजर कितीही देखणं असो, त्याला जातीचं म्हणता येत नाही.

साधं मांजर म्हणजे चार जातींची सरमिसळ, हा दुसरा मोठा गैरसमज. प्रवास नेमका उलटा झाला आहे. मांजर माणसाजवळ आलं ते साधारण १०,००० वर्षांपूर्वी, पश्चिम आशियातल्या शेतकऱ्यांच्या धान्याच्या साठ्यांभोवती, उंदरांच्या मागे. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं एक मांजर सापडलं आहे, ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं. या सगळ्या काळात मांजरं आपली आपण जुगत होती. बहुतेक जाती जेमतेम गेल्या दीडशे वर्षांतल्या आहेत आणि त्या साध्या मांजरांतूनच निवडून काढल्या आहेत. तुमच्या दारातल्या मांजराचे पूर्वज जातिवंत असण्याची शक्यता फार कमी. जातिवंत मांजराचे पूर्वज मात्र साधेच होते.

ब्रिटिश शॉर्टहेअरचंच बघा. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअर यांनी मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. आजच्या प्रदर्शनांची सुरुवात तिथून मानतात. त्या प्रदर्शनातली ब्रिटिश आखूड केसांची मांजरं म्हणजे तिथल्या गल्ल्यांतली आणि शेतांवरची साधी मांजरंच होती. त्यांतली धट्टीकट्टी निवडून जात घडली. दुसऱ्या महायुद्धानंतर या जातीची फारच थोडी मांजरं उरली, म्हणून पर्शियन आणि इतर मांजरांशी संकर करून ती पुन्हा उभी केली. आज ब्रिटिश शॉर्टहेअरचा गोल गुबगुबीत चेहरा दिसतो त्यात त्या पर्शियन रक्ताचा वाटा आहे. त्याच वाटेनं एक आजारही आला, त्याबद्दल पुढे.

अमेरिकन शॉर्टहेअरची गोष्ट तर नावातच आहे. या जातीला १९६६ पर्यंत ‘डोमेस्टिक शॉर्टहेअर’च म्हणत. साध्या मांजरांपासून वेगळेपण कळावं म्हणून नाव बदललं, आणि जुनं नाव साध्या मांजरांकडे राहिलं.

पायरी २: रंगावरून जात ओळखू नका

नवख्यांची सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

करडा रंग (मांजरवाले त्याला ‘ब्ल्यू’ म्हणतात) म्हणजे पातळ झालेला काळा. एका जनुकामुळे काळ्या रंगाचे कण केसात एकसारखे पसरत नाहीत, गुठळ्या करून बसतात, आणि केस करडा दिसतो. हे जनुक आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं. दोन काळ्या साध्या मांजरांच्या पोटीही करडं पिल्लू येऊ शकतं ते त्यामुळेच. सावलीचा एक केस आणि ढग्याचा एक केस मी कागदावर शेजारी ठेवून खिडकीच्या उजेडात पाहिले आहेत. टोकापासून मुळापर्यंत दोन्ही सारखेच करडे. रंग पाहून कुठला कुणाचा ते मलाही सांगता आलं नाही.

फरक कळतो तो हाताला. सावलीच्या अंगात बोटं घातली की ती लवेत रुततात, आणि काढली की लव पुन्हा ताठ उभी राहते. तिनं मान वळवली की मानेवरची लव उभ्या चिरांसारखी फाकते आणि आतली फिकट त्वचा दिसते. इतकी ती दाट आहे. ढग्याचे केस अंगाबरोबर चपटे बसतात, तुळतुळीत. हात शेपटीपर्यंत सरळ घसरत जातो. डोळे सावलीचे तांब्याच्या रंगाचे, ढग्याचे हिरवट. शेपटी सावलीची जाड, टोकाशी गोल, ढग्याची लांब आणि निमुळती. पण हे सगळं वाढ झालेल्या मांजरात. सात-आठ आठवड्यांच्या पिल्लांचे डोळे निळेच असतात किंवा नुकते बदलू लागलेले असतात, आणि सगळीच पिल्लं गोलमटोल असतात. त्या वयात डोळ्यांच्या रंगावरून ‘अस्सल ब्रिटिश’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

बाकीच्या रंगांचंही असंच आहे. कपाळावरचा ‘एम’ प्रत्येक पट्टेरी मांजराला असतो. कबरं, म्हणजे काळा आणि तांबूस असे दोन्ही रंग असलेलं मांजर जवळजवळ नेहमी मादी असतं, कारण तांबूस रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि एक्सच्या दोन प्रती मादीतच असतात. जातीशी त्याचा संबंध नाही. सयामीसारखं काळपट तोंड, काळे कान आणि काळी शेपटी साध्या मांजरांतही येते. त्या रंगाचं जनुक शरीराच्या थंड भागातच काम करतं, म्हणून टोकं गडद आणि मधलं अंग फिकट. आखूड केसांच्या दोन मांजरांना लांब केसांचं पिल्लू झालं तरी चकित होऊ नका, लांब केसांचं जनुक पिढ्यान् पिढ्या लपून राहू शकतं.

जनुकीय चाचणीचे संच मिळतात. त्यांतून तुमचं मांजर कोणत्या जातींशी किती जुळतं एवढं कळतं. ते वंशावळीच्या जागी चालत नाही.

पायरी ३: तुम्हाला नेमकं काय हवं आहे?

जातिवंत मांजर घेताना तुम्ही मागच्या पिढ्यांबद्दलची माहिती घेत असता. ते किती वाढेल, लव कशी असेल, स्वभाव साधारण कसा असेल, कोणते आजार संभवतात आणि त्यांची तपासणी झाली आहे का, हे सगळं त्या माहितीत यायला हवं. ती मिळत नसेल तर तुम्ही नुसत्या रंगाची किंमत मोजत आहात. साध्या मांजराच्या बाबतीत मागचं काही माहीत नसतं, म्हणून समोरचं मांजर नीट पाहावं लागतं. पुढच्या दोन पायऱ्या या फरकावरच उभ्या आहेत.

स्वभावाचं म्हणाल तर जातीनुसार ढोबळ कल येतो. सयामी बोलकी, दिवसभर तुमच्याशी संवाद चालू. अ‍ॅबिसिनियन एका जागी बसत नाही. बर्मीजला माणूस सतत जवळ लागतो. ब्रिटिश शॉर्टहेअर शांत, आपल्या खोलीत येऊन बसेल, पण उचलून घेतलेलं अनेकांना आवडत नाही. सावलीला मी उचललं की ती चारही पाय ताठ करते. साध्या मांजरांत यातलं काहीही निघू शकतं.

पण जातीपेक्षाही एक गोष्ट मोठी आहे. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसांच्या हातात किती खेळलं, घरातले आवाज त्यानं किती ऐकले, यावर त्याचा पुढचा स्वभाव फार अवलंबून असतो. बापाच्या स्वभावाचाही वाटा असतो. पिंजऱ्यात एकट्यानं वाढलेल्या जातिवंत पिल्लापेक्षा चार माणसांच्या घरात, मुलांच्या हाताखाली वाढलेलं साधं पिल्लू कितीतरी निर्धास्त असतं.

पायरी ४: जातिवंत हवं असेल तर

पाळणाऱ्याच्या, म्हणजे ब्रीडरच्या, घरी जाऊन आईसकट पिल्लं बघा. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा. बाप दुसऱ्या पाळणाऱ्याकडचा असू शकतो, ते ठीक आहे, पण त्याचं नोंदणीतलं नाव आणि तपासणीचे कागद मिळायला हवेत.

पिल्लू १२-१३ आठवड्यांच्या आधी आईपासून तोडू नये. ब्रिटनमधल्या जीसीसीएफ या संस्थेचा दंडक १३ आठवड्यांचा आहे. ढग्या सातव्या आठवड्यात माझ्याकडे आला. आज मला कळतं की तेवढ्या एका गोष्टीवरून मी सावध व्हायला हवं होतं. तेव्हा उलट वाटलं होतं, लहान आणलं की लळा लवकर लागतो. आईकडे आणि भावंडांत राहून पिल्लू चावण्याची मर्यादा शिकतं, लिटर ट्रे शिकतं, आणि पहिल्या लशीही तिथेच होतात.

नोंदणी कुणाकडे आहे ते विचारा. मोठ्या संस्था चार: अमेरिकेतली सीएफए १९०६ पासूनची, ब्रिटनमधली जीसीसीएफ १९१० पासूनची, युरोपातली फिफे १९४९ ची आणि टिका १९७९ ची. वंशावळीच्या कागदावर पिल्लाचं नोंदणीचं नाव, जन्मतारीख, रंग, आणि चार-पाच पिढ्यांची नावं असतात. मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिचा १५ आकडी क्रमांक कार्डावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते समोर तपासून घ्या. ‘कागद मागाहून’ हे उत्तर ऐकलंत तर पिल्लूही मागाहूनच न्या.

आता आजार. याबद्दल विचारायला संकोच करू नका. चांगला पाळणारा अशा प्रश्नांनी खूश होतो.

ब्रिटिश शॉर्टहेअर आणि एक्झॉटिकमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार येऊ शकतो. त्याला पीकेडी म्हणतात आणि तो पर्शियन रक्तातून आला. आई किंवा बाप कुणा एकाकडून दोषी जनुक आलं तरी आजार होतो. त्यामागचा बदल २००४ मध्ये सापडला आणि तेव्हापासून साध्या जनुकीय चाचणीनं ते आयुष्यात एकदाच तपासता येतं. दोन्ही पालकांचे निकाल मागा. ‘आमच्याकडे कधी झाला नाही’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण हा आजार बऱ्याचदा मांजर मोठं झाल्यावरच दिसतो, तोवर पिल्लं देऊन झालेली असतात.

दुसरा आजार हृदयाचा. त्यात हृदयाच्या भिंती जाड होतात आणि त्याला एचसीएम म्हणतात. मेन कून जातीत २००५ मध्ये आणि रॅगडॉल जातीत २००७ मध्ये त्याचे जनुकीय बदल सापडले, पण ती चाचणी ब्रिटिश शॉर्टहेअरला लागू पडत नाही. इथे पालकांच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, हाच मार्ग, आणि तीही अधूनमधून पुन्हा केलेली हवी. एचसीएम साध्या मांजरांतही होतो. मांजरांत सगळ्यात जास्त आढळणारा हृदयविकार तोच आहे.

तिसरी गोष्ट रक्तगट. मांजरांत मुख्यतः ए आणि बी हे गट, आणि क्वचित एबी. साध्या मांजरांत बहुतेक ए असतात. ब्रिटिश शॉर्टहेअर आणि डेव्हन रेक्स या जातींत बी गटाचं प्रमाण बरंच जास्त आहे. बी गटाच्या मांजराच्या रक्तात ए विरुद्धची प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) जन्मजातच तीव्र असतात. अपघातात त्याला चुकून ए रक्त चढवलं तर ते दगावू शकतं. बी गटाच्या आईचं पहिलं दूध ए गटाच्या पिल्लाच्या पोटात गेलं तर पिल्लूही दगावतं. सावली बी गटाची आहे. तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर ते लाल शाईत लिहून ठेवलं आहे.

एक्झॉटिक शॉर्टहेअर म्हणजे आखूड केसांचं पर्शियन. चेहरा फार चपटा असलेलं पिल्लू निवडू नका. नाक डोळ्यांच्या पातळीला गेलं की श्वास घरघरतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहतं. पिल्लू झोपलेलं असताना शेजारी बसून त्याचा श्वास ऐका.

आणि स्कॉटिश फोल्ड घेऊ नका. हे मी ठामपणे सांगतो. १९६१ मध्ये स्कॉटलंडच्या एका शेतावर सापडलेल्या सुझी नावाच्या मांजरीपासून ही जात निघाली. ज्या जनुकामुळे कान पुढे दुमडतात, तेच जनुक शरीरातली सगळी कूर्चा बिघडवतं. दुमडलेल्या कानांच्या मांजराचे सांधे दुखतात, कधी शेपटी ताठ होते, कधी पाय जाड होऊन चालणं अवघड होतं. जीसीसीएफनं १९७० च्या दशकातच या जातीची नोंद बंद केली. ते गोड दिसणारे कान म्हणजे डोळ्यांना दिसणारा आजारच आहे.

एक मार्ग नवख्यांना फारसा माहीत नसतो. काही पाळणारे चार-पाच वर्षांच्या, पिल्लं देऊन निवृत्त झालेल्या मांजरी चांगल्या घरी देतात. सावली माझ्याकडे अशीच आली, पाच वर्षांची, नसबंदी झालेली. तिचा स्वभाव, तब्येत, खाण्याच्या सवयी सगळं आधीच माहीत होतं. पहिल्यांदाच मांजर घेणाऱ्याला मी पिल्लापेक्षा हे आधी सुचवेन.

पायरी ५: साधं मांजर हवं असेल तर

निवाऱ्यातून आणा, ओळखीच्या घरातल्या वेतातून आणा, किंवा ते स्वतःहून दारात येऊन बसलेलं असो. इथे कागद नसतात, म्हणून डोळे आणि हात वापरायचे.

डोळे उघडे, स्वच्छ आणि ओले नसलेले हवेत. नाकातून पाणी नको. कानात डोकावा. कॉफीच्या भुकटीसारखा काळा कचरा दिसला तर कानात माइट्स, म्हणजे बारीक किडे, आहेत. ते बरे होतात, पण आधी कळलेलं बरं. ओठ हलकेच वर करून हिरड्या बघा, गुलाबी हव्यात, पांढुरक्या नकोत. शेपटीच्या मुळाशी केस उलटे फिरवा. काळे कण सापडले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. पोट ढमढोल आणि फासळ्या वर आलेल्या असतील तर जंत असण्याची शक्यता मोठी. यातलं एखादं असलं म्हणून पिल्लू नाकारायलाच हवं असं नाही, पण कामाचा अंदाज येतो.

मग खेळवून बघा. दोरी हलवा. लगेच झेपावतं की आधी मागे सरून, मग कुतूहलानं पुढे येतं? दोन्ही ठीक. कोपऱ्यात पाठ लावून, कान पाडून फिस्कारत राहणारं पिल्लू मात्र माणसाळलेलं नाही. त्याला वेळ आणि अनुभवी हात लागतो. ते पहिलं मांजर म्हणून घेऊ नका.

मोठं साधं मांजर घेण्यात एक फार मोठा फायदा आहे. जे दिसतं तेच मिळतं. पिल्लाचा स्वभाव पुढे बदलेल, आकार बदलेल, कधी लवही बदलेल. तीन वर्षांचा बोका मांडीवर येऊन बसला तर घरी आणल्यावरही बुजणं संपलं की तो मांडीवरच येणार. सगळे पिल्लांच्या मागे असतात, म्हणून मोठी मांजरं निवाऱ्यात खितपत पडतात. त्यांच्याकडे आधी बघा अशी माझी विनंती आहे.

घरी आणण्याआधी एफआयव्ही (मांजराची प्रतिकारशक्ती घटवणारा विषाणू) आणि ल्युकेमिया या दोन विषाणूंची रक्ततपासणी करून घ्या, विशेषतः घरात दुसरं मांजर असेल तर. एक बारकावा लक्षात ठेवा. आईला एफआयव्ही असेल तर तिची प्रतिद्रव्यं दुधावाटे पिल्लात येतात आणि संसर्ग नसतानाही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. अशा वेळी पिल्लू सहा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा तपासायचं असतं, तोवर घाबरून पिल्लू टाकायचं नाही.

साधं मांजर कधी आजारी पडत नाही, काटकच असतं, असं ठासून सांगणारे भेटतील. त्यात अर्धंच खरं आहे. ब्रिटनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात साध्या मांजरांचं मध्यक आयुष्य (निम्मी मांजरं ज्याच्या पुढे जगली ते वय) १४ वर्षं आणि जातिवंतांचं १२.५ वर्षं आढळलं. पण त्याच अभ्यासात बर्मीज १४.३ आणि सयामी १४.२ वर्षं जगताना दिसली, म्हणजे साध्यांच्या बरोबरीनं. जातीजातीत फरक आहे. आणि लसीविना, नसबंदीविना बाहेर भटकणारं साधं मांजर यातल्या कुठल्याच आकड्यापर्यंत पोचत नाही.

पायरी ६: पहिल्या आठवड्यात पशुवैद्याकडे

इथे जातिवंत आणि साध्यात भेद नाही. पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी या तीन विषाणूंवरची लस आठ-नऊ आठवड्यांपासून सुरू होते आणि पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस द्यावे लागतात. शेवटचा डोस चुकवू नका. आईकडून आलेली प्रतिद्रव्यं आधीच्या लशींना निष्प्रभ करू शकतात, म्हणून तो शेवटचाच बऱ्याचदा कामाला येतो. रेबीज आणि जंतनाशकाचं वेळापत्रक पशुवैद्य सांगतील.

नसबंदी चौथ्या महिन्याच्या आसपास करून घ्या. मांजरी चार महिन्यांतच माजावर येऊ शकते, गर्भ साधारण नऊ आठवड्यांचा, आणि एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. ‘एकदा पिल्लं होऊ द्यावीत, मग करावी’ या म्हणण्याला वैद्यकीय आधार नाही. जातिवंत मांजरीला साध्या बोक्यापासून झालेली पिल्लं साधीच. ‘अर्धं ब्रिटिश’ अशी जात नसते.

पायरी ७: खाणं, विंचरणं, वजन

मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला आहारातून मिळावाच लागतो. तो कमी पडला की हृदय फुगून निकामी होतं, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं. म्हणून मांजरांसाठीच बनवलेलं, ‘संपूर्ण आहार’ असं लिहिलेलं खाद्य द्या. कुत्र्याचं नको. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, पाणी ठेवा.

ब्रिटिश शॉर्टहेअरची पूर्ण वाढ व्हायला तीन ते पाच वर्षं लागतात आणि नसबंदीनंतर ती पटकन सुटतात. दाट लवेखाली चरबी दिसत नाही. सावली माझ्याकडे आल्यावर सहा महिन्यांत ७०० ग्रॅमनं वाढली आणि मला ते डोळ्यांनी कळलंच नाही. आता दर महिन्याला मी तिला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभा राहतो आणि माझं वजन वजा करतो. दोन्ही बाजूंनी हात फिरवल्यावर फासळ्या बोटांना लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत. पिल्लू असेल तर आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वाढायला हवं. वजन थांबलं किंवा उतरलं तर वाट पाहू नका.

दाट लवेच्या मांजराला आठवड्यातून दोन-तीनदा, केस गळण्याच्या दिवसांत रोज विंचरा. साध्याला एकदा पुरतं. दोन्ही मांजरांच्या लाळेत आणि त्वचेत अ‍ॅलर्जी देणारं प्रथिन असतंच, आखूड केसांनी ते टळत नाही. घरात कुणाला दमा असेल तर आणण्याआधी त्या मांजराच्या सहवासात दोन-तीनदा तासभर बसवून बघा.

लिली जातीची फुलं आणि पॅरासिटामॉलची गोळी ही दोन्ही मांजराला जीवघेणी आहेत. फुलदाणीतली लिली नुसती चाटली, अंगावर पडलेले पराग जिभेनं पुसले तरी मूत्रपिंडं निकामी होतात. ती घरात आणूच नका.

पायरी ८: पहिले दिवस, आणि एक फाइल

आल्या आल्या पूर्ण घर मोकळं करू नका. एक खोली, त्यात एका बाजूला ट्रे, लांब दुसऱ्या बाजूला खाणं आणि पाणी, आणि लपायला खोका. सावली पहिले तीन दिवस पलंगाखाली होती. मी जमिनीवर बसून मोठ्यानं पुस्तक वाचायचो, तिच्याकडे न बघता. चौथ्या रात्री तिनं येऊन माझ्या पायाला डोकं घासलं. पण पिल्लानं किंवा मोठ्या मांजरानं पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर ‘लपलंय म्हणून खात नसेल’ असं समजून थांबू नका, पशुवैद्याला फोन करा. घरात आधीचं मांजर असेल तर दोघांना आधी दाराच्या दोन बाजूंना ठेवा, एकमेकांची अंथरुणं बदला, वास ओळखीचा झाल्यावरच समोरासमोर आणा. सावली आणि ढग्याला यासाठी पाच आठवडे लागले. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवा.

आणि पहिल्याच दिवशी एक फाइल करा. सावलीची जाडजूड आली होती: वंशावळ, पीकेडीचा निकाल, इकोचे दोन अहवाल, लशींचं कार्ड. ढग्याच्या फाइलमध्ये सुरुवातीला एक कोरा कागद होता. आता तिच्यात त्याचा रक्तगट आहे, ए. चिपचा क्रमांक आहे आणि तो माझ्या नावावर नोंदवल्याची पावती आहे. एफआयव्ही आणि ल्युकेमिया निगेटिव्ह आल्याचा अहवाल आहे. डावा डोळा कधी कधी वाहिला, कोणत्या मलमानं किती दिवसांत थांबला, त्याआधी घरात काय घडलं होतं, याच्या सहा वर्षांच्या तारखा आहेत. शेवटची नोंद या महिन्याची: वजन ४.८ किलो, डोळा कोरडा.